पंख्याच्या आवाजातले ठोके

त्या खोलीत आवाज करू शकतील अशा एकूण सात वस्तू होत्या.

भिंतीवरचं घड्याळ. छताचा पंखा. खिडकीची सैल कडी. एक पाय किंचित आखूड असलेला लोखंडी पलंग. चाकांची खुर्ची. काकांचा मोबाइल. आणि कॉम्प्युटर.

घड्याळातला सेल काढून ठेवला होता. छताचा पंखा बंद होता. कडीत कागदाची घडी खोचली होती आणि पलंगाच्या आखूड पायाखाली पुठ्ठा सरकवला होता. चाकांची खुर्ची बाहेर नेऊन तिच्या जागी लाकडी स्टूल ठेवलं होतं. मोबाइल स्वयंपाकघरात होता, तोही बंद करून.

उरला कॉम्प्युटर. तो चालू होता, कारण त्याच्याचसाठी ती आली होती.

दुपारचे तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

आणि तेवढ्यात...

टण्.

स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजावा तसा आवाज.

पेला आणि चमचा स्वयंपाकघरातल्या मांडणीवर होते. पेला पालथा, कोरडा. पाच मिनिटांपूर्वीच तिने तो पाहिला होता.

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या बाबतीत घडली ती भुताखेतांच्या गोष्टी ऐकून घाबरणाऱ्यांतली नाही. ती पदार्थविज्ञान शिकली आहे आणि यंत्रांचा आवाज मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. यातल्या वेळा, अंतरं, आकडे तिने त्या त्या दिवशी लिहून ठेवले होते. इथे त्यात काडीचाही बदल केलेला नाही. नावं मात्र गाळली आहेत, कारण काका अजून त्याच घरात राहतात.

घरात तिला सगळे मोजणीबाई म्हणत.

हे नाव काकूने ठेवलेलं. ती सात वर्षांची असताना काकूने तिच्यासाठी स्वेटर विणला होता. तो अंगात घालायच्या आधी तिने फूटपट्टी आणली आणि जाहीर केलं, "डावी बाही पाऊण सेंटीमीटर लांब आहे." काकू हसून हसून लोळायची बाकी राहिली. तेव्हापासून ती दारात दिसली की आतून आवाज यायचा, "उघडा हो दार, मोजणीबाई आल्या. काही लांबट-आखूड असेल तर लपवा."

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. सुट्टी लागली की ती त्यांच्याकडेच असायची. परीक्षेचा निकाल आईच्या आधी काकूला कळायचा.

त्या दुपारच्या साधारण दीड वर्ष आधी काकूला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. पण ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं.

काका पुस्तकांची पानं लावायचं काम करत. मजकूर, आकृत्या, मागची शब्दसूची, सगळं कॉम्प्युटरवर जागच्या जागी बसवायचं. त्यांनी मालकांना सांगून काम घरी आणलं. पडद्यावर उजेड चमकू नये म्हणून टेबल खिडकीला लावलं. त्यामुळे काम करताना काकूच्या पलंगाकडे त्यांची पाठ व्हायची.

खुर्चीपासून उशीपर्यंतचं अंतर दोन मीटर चाळीस सेंटीमीटर.

हाक मारता येत नव्हती, म्हणून काकूच्या डाव्या हाताशी एका तिवईवर स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असायचा. काका-काकूंनी मिळून खुणा ठरवल्या होत्या.

एक ठोका म्हणजे पाणी.

दोन म्हणजे कूस बदलून दे.

तीन म्हणजे नुसतं ये.

तिसरी खूण काकूची स्वतःची. तिला काही कारण नसायचं. काका काम टाकून उठायचे, जवळ जाऊन विचारायचे, "काय हवंय?" काकू मान हलवायची. काही नको. "मग कशाला बोलावलंस?" यावर ती चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूने हसायची. काका दोन मिनिटं तिचा हात धरून बसायचे आणि कुरकुरत परत खुर्चीकडे यायचे.

त्या उन्हाळ्यात काकांचा कॉम्प्युटर तापायला लागला. आतला मुख्य पंखा मेला होता. मशीन अर्ध्या तासात आपोआप बंद पडायचं आणि काकांची पानं अडकायची.

मोजणीबाई धावून आली. बरोबर मापाचा पंखा दुकानात सोमवारी येणार होता. पण काकांना शनिवार-रविवारी काम संपवायचं होतं. तिने प्रयोगशाळेत मोडीत काढलेल्या एका यंत्रातला पंखा खटपट करून त्यात बसवला.

"थोडा आवाज करेल हं, काका."

बटण दाबलं तसा कॉम्प्युटरचा डबा थरथरला. विमान धावपट्टीवर आल्यासारखा आवाज खोलीभर झाला.

"थोडा?" काका म्हणाले. "हा तर माझ्या सासूबाईंसारखा आहे. मधे श्वास घेत नाही."

पलंगावरून लगेच चमचा वाजला. जोरजोरात. टण्, टण्, टण्, टण्. चार ठोक्यांना काही अर्थ ठरलेला नव्हता, पण तो दोघांनाही कळला.

"चुकलं बाई माझं," काका म्हणाले.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "नवा आला की बदलते."

सोमवारी नवा पंखा आला. तिने तो आणला. ऑफिसातल्या टेबलाच्या खणात ठेवला.

पहिल्या रविवारी मैत्रिणीकडे जायचं होतं. दुसऱ्या रविवारी एका कारखान्यात आवाज मोजायचं काम निघालं. तिसऱ्या रविवारी डोकं दुखत होतं.

चौथ्या रविवारी काही कारणही नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी काकू गेली.

दुपारी अडीचला तिने एक ठोका मारला होता. काकांनी पाणी पाजलं, पेला अर्धा भरून तिवईवर ठेवला आणि कामाला बसले. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाची शब्दसूची पाचच्या आत पाठवायची होती. चार वाजता ते पाठ सरळ करायला उठले, वळले, आणि...

पेला पलंगावर आडवा पडला होता. चादर ओली होती. चमचा पलंगाखाली गेला होता.

डॉक्टर म्हणाले, तीन ते सव्वातीनच्या दरम्यान.

काकांनी सगळ्यांना सांगितलं की ती झोपेत गेली. लोकही म्हणाले, सुटली बिचारी. चमच्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याभराने मोजणीबाईला त्यांचा फोन आला.

"तो पंखा शांत करून दे गं."

या फोनची ती महिनाभर वाट पाहत होती आणि तो येऊ नये असंही तिला वाटत होतं.

"काका, मी... उद्या शनिवार आहे. उद्याच येते."

"ये. घाई नाही तशी," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "पण ये."

ती दुपारी पोचली. सोबत नवा पंखा, बेअरिंगचं तेल, स्क्रू-ड्रायव्हर आणि आवाज मोजायचं यंत्र होतं. आधीचं माप आणि नंतरचं माप घेतल्याशिवाय तिला कुठलंही काम करता येत नाही. म्हणून तिने खोलीतल्या बाकीच्या सहाही वस्तूंची तोंडं बंद केली. पलंगावर स्वच्छ चादर होती. उशीही होती. तिवई मोकळी होती.

पेला कुठे आहे, हे तिने स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. का पाहिलं, ते तिला सांगता येत नाही.

डब्याच्या आत एकूण तीन पंखे. कुठला आवाज करतो ते शोधायची एक साधी रीत असते. फिरत्या पंख्याच्या मधल्या चकतीवर हलकेच बोट टेकवायचं आणि त्याला क्षणभर थांबवायचं. ज्याला थांबवल्यावर गोंगाट थांबतो, तो गुन्हेगार. तिने मागचा पंखा थांबवला. गोंगाट तसाच. वीजपुरवठ्याच्या पेटीतल्या पंख्याला बोट लावता येत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या पेटीला आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला टेकवून तिने तो ऐकला. चांगला होता.

तिसरा तिने बसवलेला. त्याला थांबवायची गरज नव्हती.

तिने यंत्र स्टुलावर ठेवलं. चोपन्न डेसिबल. वहीत आकडा लिहिला आणि पुढे वेळ लिहिली. तीन वाजून आठ...

टण्.

तिने मान वर केली. दारात काका उभे होते. दोन्ही हातांत चहाचे कप. चहा बशीत सांडत होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुलाही ऐकू आला," ते म्हणाले.

तो प्रश्न नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ती गेली त्याच्या आठव्या दिवसापासून. रोज नाही. दुपारी तीननंतर, मशीन चालू असलं तर. बंद असलं की काही नाही."

"किती ठोके असतात?"

"तेच तर कळत नाही गं." काकांनी कप टेबलावर ठेवले. "या गोंगाटात बुडतात. पहिला कळतो. मागून अजून काहीतरी येतं असं वाटतं. कधी वाटतं दोन आहेत. कधी वाटतं एकच होता, दुसरा मीच मनाने लावला. म्हणून म्हटलं तुला बोलवावं. पंखा शांत झाला, तर नीट मोजता येतील."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. काकांना तो आवाज घालवायचा नव्हता.

त्यांना तो ऐकायचा होता.

तिने आधी सरळ विचार केला. झिजलेलं बेअरिंग कधी कधी ठोके देतं. तिने पंख्यावरची चिकटपट्टी सोलली, तेलाचा एक थेंब सोडला, पट्टी परत दाबली. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दोन मिनिटं ऐकलं. बेअरिंग गुळगुळीत फिरत होतं. त्यात खडखड नव्हती की ठोका नव्हता.

टण्.

स्क्रू-ड्रायव्हर टेकवलेला होता त्या कानाने नाही. दुसऱ्या कानाने. पलंगाकडच्या.

मग तिने पंख्याचा वेग पायरीपायरीने उतरवला. गोंगाट कमी केला की त्यात लपलेला आवाज जास्त स्पष्ट व्हायला हवा. तिचं सगळं शिक्षण तिला हेच सांगत होतं.

वेग दोन तृतीयांश केला... ठोका आला, पण मंद.

वेग निम्मा केला... आला की नाही, सांगता येईना.

पंखा पुरता थांबवला. खोली इतकी शांत झाली की दोघांना एकमेकांचे श्वास ऐकू येऊ लागले.

काहीच नाही.

"उलटं होतंय," ती पुटपुटली.

तिने मोडीतला पंखा काढला आणि नवा बसवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारा मिनिटं लागली. तिने मनगटावरचं घड्याळ पाहून ठेवलं होतं. नवा पंखा चालू आहे हे कळायला जवळ हात न्यावा लागत होता. एकोणतीस डेसिबल. दोघं दहा मिनिटं ऐकत बसले. काका पलंगाच्या कडेला बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसतात तसे.

काहीच नाही.

"गेली," काका हळूच म्हणाले. मग एकदम उठले. "परत लाव तो. तुझा तो. लाव लवकर."

तिने जुना गोंगाट परत बसवला. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळात. बटण दाबलं. डबा घरघरला.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली...

टण्.

आणि मागून अजून काहीतरी. गोंगाटात विरघळलेलं.

काकांनी डोळे मिटले. ती हळूहळू पलंगाच्या दिशेने निघाली. प्रत्येक पावलाला एकदा थांबून ऐकायची. उशीच्या जवळ, डाव्या बाजूला, मोकळ्या तिवईसमोर ती उभी राहिली. पुन्हा ठोका आला तेव्हा तो तिच्या कमरेच्या उंचीवर होता. हात पुढे केला तर काहीतरी थंड लागेल असं तिला वाटलं.

तिने हात पुढे केला नाही.

चार वाजल्यानंतर काहीच आलं नाही.

त्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसले होते. जेवण दोघांनाही गेलं नव्हतं. ताटं तशीच समोर होती.

"चार रविवार," ती म्हणाली. "नवा पंखा चार आठवडे माझ्या खणात होता, काका. बारा मिनिटांचं काम होतं."

काका नखाने टेबलाच्या कडेचा चुरा काढत राहिले.

"बोला ना काहीतरी. रागवा तरी."

"मी तुला आठवण केली का?" काकांनी विचारलं. "चार आठवड्यांत एकदा तरी म्हटलं का, की बाई गं, पंखा बदलून जा?"

"नाही."

"का नाही म्हटलं?"

ती पुढे वाकली.

"मुद्दाम," काका म्हणाले. "दिवसातून दहा वेळा, बारा वेळा वाजवायची ती. तीन ठोके. नुसतं ये. जायचो. हात धरायचो. परत यायचो तर कुठल्या ओळीवर होतो ते सापडायचं नाही. काम मागे पडायचं, मालकांचे फोन यायचे. दीड वर्ष, बाळा. मग तुझा हा पंखा बसला. पुढे पुढे तिचा हातही थकला होता. चमचा चार बोटं उचलायची आणि नुसता सोडून द्यायची. मला कमी कमी ऐकू यायला लागलं. आणि..."

त्यांनी ताट लांब सारलं.

"आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. दोन-दोन तास सलग काम व्हायचं. मला वाटायचं, राहू दे हा पंखा. अजून थोडे दिवस राहू दे."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मला एवढंच कळायला हवं," काका म्हणाले. "एक असेल, तर ती तहानलेली गेली. चादर ओली होती ना. दोन असतील, तर अंगाखाली काहीतरी रुतत होतं आणि तिला वळता येत नव्हतं. तीन असतील..."

वाक्य अर्धवट सोडून ते उठले. ताटं उचलली आणि मोरीत ठेवली.

ती म्हणाली, "किती ठोके होते ते कसं मोजायचं, मला माहीत नाही. पण ते खुर्चीपर्यंत ऐकू येण्यासारखे होते का, ते मोजता येईल. ऐकू येण्यासारखे निघाले, तर दोष तुमचा. नाही निघाले, तर माझा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"वाटण्या करायला बसलीस होय?" ते म्हणाले. पण त्यात टोमणा नव्हता. "मोज. तिला आवडलं असतं."

ती रात्री तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खोली पुन्हा तशीच तयार केली.

मांडणी साधी होती. काकांनी पलंगावर, काकूच्या जागी बसायचं. तिवईवर तोच पेला, अर्धा भरलेला, आणि तोच चमचा. डाव्या हाताने चमचा चार बोटं उचलायचा आणि सोडायचा. जोर लावायचा नाही. असं वीस वेळा, मनाला येईल तेव्हा, मधलं अंतर सारखं न ठेवता. प्रत्येक ठोक्याची वेळ सेकंदासकट कागदावर लिहायची. ती काकांच्या जागी, खिडकीकडे तोंड करून, पलंगाकडे पाठ करून बसणार. ऐकू आलेल्या प्रत्येक ठोक्याची वेळ तिच्या कागदावर लिहिणार. दोघांची मनगटी घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवलेली. मधे बोलायचं नाही. मागे वळायचं नाही.

"एवढासा ठोका?" काकांनी चमचा सोडून पाहिला. "असंच वाजवायची. अगदी असंच."

आणि त्यांनी चेहरा दुसरीकडे केला.

अडीच वाजता नव्या पंख्यावर पहिली फेरी झाली. पंधरा मिनिटं. मग तिने मोडीतला पंखा बसवला. तीन वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"सव्वातीन होऊन जाऊ दे का? नंतर करू," ती म्हणाली.

"नाही," काका म्हणाले. "तीनलाच."

बरोबर तीनला तिने बटण दाबलं आणि पाठ फिरवली.

समोर खिडकी. खिडकीबाहेर भिंत, भिंतीवर ऊन. गोंगाट कानांतून डोक्यात शिरला आणि तिथेच बसला. पाच मिनिटं गेली. तिचा कागद कोरा. सहा मिनिटं. आठ मिनिटं. मागे काका आहेत, चमचा उचलताहेत, सोडताहेत, हे तिला माहीत होतं. तरी मागे कुणीच नसावं असं वाटत होतं. मागे नुसता रिकामा पलंग असावा आणि ती एकटीच असावी.

काकांना त्या बुधवारी असंच वाटलं असेल, असं तिच्या मनात आलं. आणि काकूला...

तो विचार तिने पुढे नेला नाही.

मग तिने ऐकलं.

तिने वेळ लिहिली. पेन्सिलीचं टोक मोडलं, म्हणून पुढचं नखाने कोरलं.

ती वळली नाही. वळायचं नाही असं ठरलं होतं. पण खरं सांगायचं तर तिला वळायचा धीर झाला नसता.

तीन वाजून सतरा मिनिटांनी काकांनी तिच्या खांद्याला हात लावला. "झाले वीस."

तिने कॉम्प्युटर बंद केला. दोघांनी कागद शेजारी शेजारी ठेवले. काकांनी चष्मा पुसला, एकदा वाचलं. परत वाचलं. तिच्या कागदावर नखाने कोरलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"हे तू लिहिलंस तेव्हा," काका म्हणाले, "मी कागदावर आधीच्या ठोक्याची वेळ लिहीत होतो. चमचा खाली ठेवलेला होता."

मग ते पलंगावर उशीच्या बाजूला सरकून बसले. चादरीवर हात ठेवला. बराच वेळ उठले नाहीत. तिलाही त्यांना उठवायचं धाडस झालं नाही.

आता त्या मशीनमध्ये नवा पंखा आहे. काका तिथेच काम करतात, फक्त टेबल फिरवून घेतलंय. उजेड पडद्यावर चमकतो, तर चमकू दे म्हणतात. मोडीतला पंखा तिच्याकडे आहे. त्याला तिने पुन्हा वीज दिलेली नाही. प्रयोगशाळेत ती रोज मोठमोठ्या यंत्रांसमोर उभी राहते, पण पंखा चालू असलेल्या कुठल्याही खोलीत ती आजही कुणाकडे पाठ करून बसत नाही.

ते दोन कागद तिने आजवर काकांखेरीज एकाच माणसाला दाखवले. त्यांवरचा मजकूर असा आहे.

नवा पंखा. आवाज एकोणतीस डेसिबल. काकांनी मारलेले ठोके वीस. तिला ऐकू आलेले ठोके वीस. जुळलेल्या वेळा वीस.

मोडीतला पंखा. आवाज चोपन्न डेसिबल. काकांनी मारलेले ठोके वीस. तिला ऐकू आलेले ठोके तीन. तीन वाजून अकरा मिनिटं आणि चार सेकंद, पाच सेकंद, सहा सेकंद. जुळलेल्या वेळा शून्य.